घराणी बुडाली, दफ्तर टिकलं

प्रश्न असा आहे: "स्पर्धा परीक्षेसाठी प्राचीन चीन वाचतोय. पुस्तकात एका पानावर आहे की छिन घराणं कडक कायद्यांमुळे १५ वर्षांत बुडालं. पुढच्या पानावर आहे की छिनने घालून दिलेली राज्यव्यवस्था दोन हजार वर्षं टिकली. आणि त्याच्याही पुढे, चीन कन्फ्यूशियसच्या विचारांवर चालला. तिन्ही एकाच वेळी खरं कसं असेल?"

तिन्ही बऱ्यापैकी खरं आहे, फक्त पुस्तकाने मधला सांधा गाळलाय. मी वीसेक वर्षं जुने चिनी मजकूर वाचतो आणि शिकवतो, आणि दरवर्षी एखादा विद्यार्थी याच जागी अडतो. चीनचा इतिहास राजघराण्यांच्या यादीने शिकवला की हा घोटाळा ठरलेला. राजे बदलत होते. खाली बसून खानेसुमारीच्या नोंदी, धान्याचे हिशेब आणि फिर्यादी लिहिणारी कचेरी मात्र नव्या राजाने जुन्याकडून जवळपास जशीच्या तशी उचलली. त्या कचेरीकडून बघितलं की कोडं सुटायला लागतं.

आधी यादी उरकून घेऊ. श्या घराण्याचा लेखी पुरावा हाती नाही. एर्लिथौ इथे उत्खननात सापडलेले अवशेष त्याचेच का, यावर वाद चालू आहे. मग शांग, इ.स.पू. १०४६ च्या सुमारास त्यांना हरवणारे चौ, इ.स.पू. ७७१ मध्ये पश्चिमेची राजधानी पडल्यावर पूर्वेला सरकलेले नामधारी चौ, त्यांच्या नावाखाली एकमेकांना गिळणारी राज्यं, इ.स.पू. २२१ मध्ये सगळ्यांना गिळणारं छिन, आणि मग मधली काही वर्षं वगळता इ.स. २२० पर्यंत हान. प्राचीन म्हणतात ते इथवर.

शांगांचा कारभार कसा होता हे आपल्याला हाडांवरून कळतं. आन्यांगजवळ सापडलेली बैलांच्या खांद्याची हाडं आणि कासवांची कवचं. त्यांना चटका द्यायचा, तडा कसा जातो ते बघायचं आणि पूर्वजांचा कौल काढायचा. प्रश्न आणि उत्तर हाडावरच कोरून ठेवलेलं. राजा वू-तिंगची राणी फू हाव हिच्या बाळंतपणाचा एक कौल मी पहिल्याच तासाला वाचायला देतो. प्रश्न: प्रसूती शुभ होईल का? राजा तडा बघून सांगतो की तिंग दिवशी झाली तर शुभ, कंग दिवशी झाली तर फारच उत्तम (ही त्यांच्या पंचांगातली दिवसांची नावं). खाली नोंद आहे: ३१ दिवसांनी, च्या-यिन दिवशी, बाळंत झाली, शुभ नाही, मुलगी. वर्गात क्षणभर शांतता होते. तीन हजार वर्षांपूर्वीचं हाड, आणि मुलगी झाल्यावरचा सूर ओळखीचा. पण माझं लक्ष दुसरीकडे असतं. राजाचा अंदाज चुकला हेसुद्धा कोणीतरी इमानाने कोरून ठेवलंय. नोंद ठेवायची ही खोड चीनमध्ये तत्त्वज्ञांच्या कितीतरी आधीची आहे.

चौ आले तेव्हा त्यांच्यापुढे अडचण होती. काल-परवापर्यंत शांगांना मान देणारे आपण, त्यांनाच मारून गादीवर बसलो, हे पटवायचं कसं? त्यांनी सांगितलं: आभाळाने शांगांना राज्य दिलं होतं, शेवटचा राजा दुराचारी निघाला, म्हणून आभाळाने ते काढून आम्हाला दिलं. हा 'थ्येन-मिंग', आभाळाचा हुकूम. युक्तिवाद सोयीचा होता, पण दुधारी. गादी वर्तनावर मिळते असं एकदा म्हटलं की तुमचंही वर्तन मोजलं जाणार. पुढे कन्फ्यूशियसच्या पंथातल्या मेन्शियस या विचारवंताला कोणी विचारलं की प्रजेने राजाला मारणं योग्य आहे का, तेव्हा शांगांच्या शेवटच्या राजाबद्दल तो म्हणाला की कुणा एका इसमाला मारल्याचं ऐकलंय, राजाला मारल्याचं नाही.

राज्य चालवायची चौंची पद्धत मात्र घरगुती होती. भाऊ, पुतणे, मेहुणे यांना मुलुख वाटून द्यायचे. आपल्याकडच्या वतनासारखं: बापाचं मुलाला, मुलाचं नातवाला. पहिल्या दोन पिढ्या चांगल्या गेल्या. चुलतभाऊ एकमेकांना ओळखत होते, पूर्वजांच्या पूजेला एकत्र येत होते. आठव्या-दहाव्या पिढीत नातं कसलं आणि भीड कसली? पुढचं सगळं भाऊबंदकीचं, फक्त रथ आणि सैन्य घेऊन.

कन्फ्यूशियस (इ.स.पू. ५५१–४७९) या पडझडीत जन्मला. त्याला धर्मसंस्थापक समजण्याची चूक करू नका. लू राज्यातला हा शिकवणारा माणूस, पन्नाशी उलटल्यावर शिष्यांना घेऊन बारा-चौदा वर्षं राज्याराज्यांत हिंडला, कोणी राजा आपला सल्ला ऐकेल या आशेने. कोणी ऐकलं नाही. त्याचं म्हणणं साधं होतं: राजाने राजासारखं, मंत्र्याने मंत्र्यासारखं, बापाने बापासारखं आणि मुलाने मुलासारखं वागावं. घर नीट चाललं की राज्य नीट चालतं.

आता मेंढीची गोष्ट. ही नीट लक्षात ठेवा, सगळं उत्तर तिच्यात आहे. एक सरदार कन्फ्यूशियसला फुशारकीने सांगतो की आमच्याकडे लोक इतके सरळ आहेत की बापाने मेंढी चोरली तर मुलगा साक्ष देतो. कन्फ्यूशियस म्हणतो, आमच्याकडे सरळपणा वेगळा असतो. बाप मुलाला पाठीशी घालतो, मुलगा बापाला.

अडीचशे वर्षांनी हान फेइ नावाचा विचारवंत हीच गोष्ट घेतो. (या हानचा हान घराण्याशी संबंध नाही, चिनी अक्षरच वेगळं आहे.) त्याच्या गोष्टीत मुलगा तक्रार घेऊन अधिकाऱ्याकडे जातो, आणि मंत्री त्या मुलालाच मारायचा हुकूम देतो: राजाशी सरळ वागलास, पण बापाशी वाकडा. शेजारीच तो दुसरी गोष्ट ठेवतो. लू राज्यातला एक सैनिक तीनदा लढाईतून पळाला. का, तर घरी म्हातारा बाप, मी मेलो तर त्याला कोण बघणार. कन्फ्यूशियसने त्याला पितृभक्त म्हणून बढती दिली. मग हान फेइ हिशेब मांडतो: मुलाला मारलं, पुढे त्या राज्यात गुन्हे कोणी कळवेनात, पळपुट्याला गौरवलं, पुढे लोक लढाईत टिकेनात. बापाचा चांगला मुलगा म्हणजे राजाचा द्रोही प्रजाजन. दोन्ही एकदम मागू नका.

हान फेइच्या पंथाला आपण कायदेवादी म्हणतो. त्यांचं तत्त्वज्ञान पुस्तकात येण्याआधी जमिनीवर उतरलं होतं. इ.स.पू. ३५६ पासून शांग यांग नावाच्या मंत्र्याने छिन राज्याची घडी मोडून नवी घातली. घरांचे पाच-पाच, दहा-दहाचे गट, एकाच्या गुन्ह्याला बाकीचे जबाबदार. घरात दोन किंवा जास्त कर्ते मुलगे एकत्र राहिले तर कर दुप्पट, म्हणजे एकत्र कुटुंबावरच घाव. दर्जा वंशाने न मिळता लढाईतल्या कामगिरीवर मिळणार. लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्याने बाजाराच्या दक्षिण दरवाजात एक लाकूड उभं केलं आणि ते उत्तर दरवाजात नेणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. कोणी पुढे येईना, इतकं सोपं काम आणि एवढं बक्षीस! त्याने रक्कम पाचपट केली, एकाने ते नेलं, पैसे जागच्या जागी हातात पडले. पुढे आश्रयदाता राजा वारला आणि शांग यांगला पळावं लागलं. खाणावळवाला म्हणाला, ओळखीच्या कागदाशिवाय कोणाला उतरवलं तर शांग यांगच्या कायद्याने मला शिक्षा होईल. ही गोष्ट इतिहासकार सिमा छ्येनची, आणि त्याला असे शेवट आवडायचे हे लक्षात ठेवून वाचा.

हाच साचा पुढे इ.स.पू. २२१ मध्ये सगळ्या देशावर बसला. दरबारात वाद झाला. काही मंत्री म्हणाले, दूरचे मुलुख राजपुत्रांना द्या, चौंनी दिले तसे. ली-स हा मंत्री म्हणाला, त्याचं काय झालं ते आपण बघितलंय. त्याचं चाललं. देशाचे ३६ प्रांत, त्यांच्याखाली तालुके, सगळीकडे राजाने नेमलेला, पगार घेणारा, बदली होणारा अधिकारी. वजनं-मापं एक, अक्षरं एक, गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर एक.

आता कचेरीत जाऊ. १९७५ साली हूपेइ प्रांतात युन्मंगजवळ श्वेहूती इथे एक कबर उघडली. आतला माणूस तालुका पातळीवरचा कायद्याचा कारकून, नाव शी, म्हणजे 'आनंद'. शवपेटीत त्याच्या उशाशी, कुशीला, पायाशी बांबूच्या पट्ट्या रचलेल्या, अकराशेहून जास्त. लोक सोनं घेऊन जातात, हा कायदे घेऊन गेला. त्यात एक वर्षवार टिपणही आहे, अमुक साली अमुक राज्यावर स्वारी, तमुक साली छिनचा विजय, आणि मधेच स्वतःचा जन्म, नेमणूक, मुलांचे जन्म.

कायदे वाचायला लागलं की पुस्तकातला राक्षसी छिन हळूहळू कारकुनी होत जातो. सरकारी बैल नांगराला जुंपला आणि त्याचा घेर कमी झाला, तर हाकणाऱ्याला इंचामागे दहा फटके (त्यांचा इंच आपल्यापेक्षा थोडा लहान). धान्याच्या कोठारात उंदरांची बिळं किती सापडली तर काय? तीन किंवा जास्त असतील तर एका ढालीच्या किमतीचा दंड, दोन किंवा कमी असतील तर ताकीद. आणि पुढे खास कचेरीचा खुलासा: पिटुकल्या उंदराची तीन बिळं म्हणजे मोठ्या उंदराचं एक बीळ धरावं. हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एकटाच बसून हसलो होतो. कुठल्या तरी तालुक्यात कोठारवाल्याने "साहेब, बिळं आहेत पण लहान आहेत" असा वाद घातल्याशिवाय हा नियम जन्माला येत नाही.

मग छिन बुडालं कशाने? पाठ्यपुस्तकातलं उत्तर सिमा छ्येनवरून येतं. इ.स.पू. २०९ मध्ये छन शंग आणि वू क्वांग हे ९०० माणसांची तुकडी सीमेवर नेत होते. पावसाने रस्ता बुडाला, उशीर झाला. उशीर म्हणजे कायद्याने शिरच्छेद. तसंही मरायचं तर बंड करून मरू. गोष्ट जबरदस्त आहे. पण शीच्या पट्ट्यांत वेठीच्या कामाला उशिरा पोचण्याचा नियम सापडला: तीन ते पाच दिवस उशीर झाला तर ताकीद, सहा ते दहा दिवस झाला तर एक ढाल दंड, त्याहून जास्त तर एक चिलखत दंड. आणि पाऊस आला तर माफ. हा नियम वेठीचा आहे, सीमेवरच्या लष्करी तुकडीला वेगळा असू शकतो, त्यामुळे सिमा छ्येन खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. पण "पावसाने उशीर झाला म्हणून मुंडकं" हे छिनच्या रोजच्या कायद्याचं चित्र म्हणून परीक्षेत लिहू नका.

माझं मत: छिनला कायद्याच्या क्रूरपणापेक्षा वेग बाधला. एका राज्यात शंभर वर्षं मुरलेली घडी त्यांनी जिंकलेल्या सहा राज्यांवर दहा-बारा वर्षांत बसवली, वर रस्ते, भिंती, सम्राटाची कबर यांसाठी लाखो माणसं वेठीला. या नव्या प्रांतांत छिनचा अधिकारी म्हणजे परका विजेता. इ.स.पू. २१० मध्ये पहिला सम्राट वारला, वारसाच्या भानगडीत दरबारच एकमेकांना कापू लागला, आणि खालून ढकलणाऱ्यांना आड यायला कोणी उरलं नाही.

इथे सांधा येतो. इ.स.पू. २०६ मध्ये बंडखोर सरदार ल्यू बांगचं सैन्य छिनच्या राजधानीत शिरलं. सगळे सरदार सोनं-कापड लुटायला धावले. ल्यू बांगचा माणूस श्याव-ह, स्वतः छिनच्या कचेरीत कारकुनी केलेला, सरळ दफ्तरखान्यात गेला आणि नकाशे, कायदे, खानेसुमारीच्या वह्या ताब्यात घेतल्या. कुठे किती घरं, किंवा कुठला घाट अरुंद, हे ल्यू बांगला त्यामुळे कळलं. चार वर्षांनी तो हान घराण्याचा पहिला सम्राट झाला. छिनला शिव्या देत राज्य आलं आणि छिनच्या वह्यांवर चाललं.

मात्र तोच वेग पुन्हा पकडायचा नाही, एवढं शहाणपण हानांनी दाखवलं. कमीत कमी ढवळाढवळ करा म्हणणाऱ्या लाओत्सेचा विचार इथे कारभारात उतरतो, डोंगरावरच्या साधूचा म्हणून नाही. त्यातलं एक वाक्य आहे: मोठं राज्य चालवणं म्हणजे छोटे मासे शिजवणं. घरी मांदेली तळणाऱ्याला यावर भाष्य नको. सारखी उलटलीत तर तव्यावर चुरा उरतो. श्याव-हनंतर मुख्यमंत्री झालेला त्साव शन दिवसभर दारू पीत बसायचा, काही नवं करायचा नाही. ल्यू बांगचा मुलगा आता गादीवर होता; त्या तरुण सम्राटाने जाब विचारला. त्साव शनने उलट विचारलं: महाराज, आपण मोठे की आपले वडील? वडील. आणि मी हुशार की श्याव-ह? तू जरा कमीच वाटतोस. मग त्या दोघांनी घालून दिलेलं आपण न बिघडवता चालवलं तर पुरे नाही का? 'श्यावचे नियम, त्साव मागोमाग' ही म्हण चिनीत आजही चालते.

एक चूक हानांनीही केली. अर्ध्याहून जास्त मुलुख त्यांनी भावा-मुलांना राज्यं म्हणून वाटला. इ.स.पू. १५४ मध्ये सात राज्यांनी बंड केलं, ते तीन महिन्यांत मोडलं. खरा उपाय २७ वर्षांनी सम्राट वूच्या काळात निघाला, आणि तो मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. फर्मान निघालं की राज्य थोरल्यालाच न देता राजाने सगळ्या मुलांना त्यात वाटा द्यावा. वर फर्मानाला नाव 'कृपेचा विस्तार'! धाकटे खूश, थोरला हात चोळत, आणि दोन पिढ्यांत राज्याची गुंठेवारी. तलवार उचलायचीसुद्धा गरज नाही.

याच वूने कन्फ्यूशियसच्या पंथाला सरकारी मान दिला. इ.स.पू. १३६ मध्ये पाच अभिजात ग्रंथांसाठी दरबारी पंडित, १३४ मध्ये प्रत्येक प्रांताने दरसाल पितृभक्त आणि निर्लोभी माणसांची शिफारस करायचा नियम, १२४ मध्ये ५० विद्यार्थ्यांचं विद्यापीठ. मीठ आणि लोखंडाची मक्तेदारी, युद्धं, कडक न्यायाधीश, हेही त्याचंच. ग्रंथ कन्फ्यूशियसचे, हिशेब शांग यांगचा. त्याचा पणतू सम्राट श्वेन (इ.स.पू. ७४–४८) हे उघड बोलून गेला. युवराज मऊ मनाचा, त्याने सुचवलं की शिक्षा फार होतात, कन्फ्यूशियसच्या पंडितांना जास्त नेमावं. श्वेनचा चेहरा उतरला. म्हणाला, हान घराण्याची स्वतःची पद्धत आहे, सदाचार आणि सत्ता यांची मिसळ केलेली; नुसत्या सद्गुणांच्या शिकवणीवर कसं चालेल? आणि वर, माझं घर बुडवणारा हाच.

या मिसळीचा आकार किती होता? १९९३ साली यिन्वान इथे हानकाळाच्या उत्तरार्धातला एका प्रांताचा वार्षिक अहवाल सापडला. सुमारे १४ लाख लोकसंख्या, अधिकारी आणि कारकून मिळून २,२०३. साधारण ६३० माणसांमागे एक. एवढ्याशा नोकरशाहीला घराघरात डोकावता येत नाही. घरातली शिस्त घरानेच राखली तरच हे जमतं. कन्फ्यूशियस राज्याला उपयोगी पडला तो इथे. सद्विचार म्हणून पडला असेल तितकाच सोय म्हणूनही.

आता ती मेंढी. इ.स.पू. ६६ मध्ये त्याच सम्राट श्वेनने फर्मान काढलं: मुलाने आईबापांना, बायकोने नवऱ्याला, नातवाने आजीआजोबांना पाठीशी घातलं तर गुन्हा नाही. उलट बाजूने, बापाने मुलाला लपवलं आणि गुन्हा देहदंडाचा असला, तर प्रकरण वरच्या न्यायाधिकाऱ्याकडे जाईल. थांग घराण्याच्या कायद्यात (५०२ कलमं, भाष्यासह इ.स. ६५३) हे आणखी घट्ट झालं: राजद्रोहासारखे गुन्हे सोडून आईबापांवर फिर्याद करणाऱ्या मुलाला फाशी. पुस्तकं याला कायद्याचं कन्फ्यूशियसीकरण म्हणतात आणि सुरुवात सम्राट वूपासून धरतात.

मीही वर्गात तसंच शिकवत होतो. पण १९८३ च्या अखेरीस च्यांग्च्याशान इथल्या कबरीतून हानांचे इ.स.पू. १८६ चे कायदे निघाले होते. वूच्या पन्नास वर्षं आधीचे, छिनच्या वळणाचे, कन्फ्यूशियसच्या पंथाला अजून सरकारी मान नसतानाचे. त्यात एक कलम आहे: मुलाने आईबापांवर, सुनेने सासूसासऱ्यांवर, गुलामाने मालकावर फिर्याद केली तर ती ऐकू नये, आणि फिर्याद करणाऱ्याला भर बाजारात मारावं. शीच्या पट्ट्यांतही त्याचा मवाळ पूर्वज आहे: बापाने घरातल्या घरात मुलावर केलेल्या जुलमाची मुलाची फिर्याद घेऊ नये, हट्टाने केली तर दोष त्याच्यावरच. म्हणजे हान फेइच्या गोष्टीतला तो मंत्री, मेंढीची तक्रार घेऊन आलेल्या मुलाला मारणारा, इ.स.पू. १८६ मध्ये कुठल्याही तालुक्याच्या कचेरीत बसला असता, तर त्याला वेगळा हुकूम काढायची गरज पडली नसती. कलम समोर पट्टीवर लिहिलेलंच होतं.